साडेचोवीस इंच

वजन गेलं. म्हणजे होतं, दोन्ही खांद्यांच्या मधोमध होतं, दंडात होतं, आवळलेल्या दातांत होतं, आणि दोरी हनुवटीपाशी येता येता एकदम गेलं. मागून कोणीतरी येऊन हातातली पिशवी काढून घ्यावी तसं. मी मान वळवून मागे बघितलं. खरंच बघितलं. "वहिनी, समोर, समोर बघा," उमंग ओरडला, "आणि दोरी सोडू नका हां, बाण नाहीये त्यात. सावकाश पुढे आणा." पण मला पुढे आणायचंच नव्हतं. शनिवारची सकाळ होती, आमच्या नायगावच्या सोसायटीच्या पोडियमवर, जिथे एरवी मुलांच्या सायकली आणि आजोबांचा हास्यक्लब असतो, तिथे खाडीकडच्या तिरंदाजी क्लबवाल्यांनी टेबल मांडलं होतं, आणि मी स्टेफीला कोवळं ऊन द्यायला खाली आले होते, गाऊनवर ओढणी घेऊन, केस न विंचरता. माझ्या नवऱ्याने, जेन्सनने, तिला माझ्याकडून घेतलं आणि चेष्टेने म्हणाला, "बघ की ओढून, रोज मला ओढतेस तशी." म्हणून ओढलं. आणि ते गेलं. क्लबचा उमंग समजावत होता, हे साधं धनुष्य नव्हे, कंपाउंड आहे, वर-खाली ही दोन चाकं दिसतात ना, अर्ध्या वाटेपर्यंत सगळा भार तुमच्यावर, मग चाक फिरतं आणि शंभरातले ऐंशी भाग स्वतःवर घेतं, तुम्ही फक्त वीस धरायचे आणि शांतपणे नेम बघायचा. तीस पाउंडांचं ओढायचं, सहा पाउंडांचं धरायचं. मी मान डोलवत होते आणि माझं लक्ष माझ्या हातांकडे होतं. दहा महिन्यांत हे हात रिकामे असतानासुद्धा कधी हलके नव्हते. स्टेफी पाळण्यात असली तरी तिचं वजन डाव्या हाताच्या कोपरात राहायचंच, भांडं उतरवल्यावर चुलीची धग राहते तसं. वर जाताना लिफ्टमध्ये मी मोबाइलवर सहा पाउंडांचे किलो केले. दोन किलो सातशे. स्टेफी जन्मली तेव्हा बरोबर तेवढीच होती. मी जेन्सनला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच, पण अकराव्या मजल्यापर्यंत मी एकटीच हसत होते आणि तो म्हणाला, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "मला ते हवंय."

हवंय, हा शब्द तोंडातून निघाला आणि मलाच दचकायला झालं. मला कपडे हवे असायचे, झोप हवी असायची, पण ते सगळं लागतं या अर्थाने. हे काही कोणाला लागत नव्हतं. घरात तिरंदाज कोणी नाही, माझ्या माहेरी पापडीला वाडीत वानरं आली की पप्पा गलोल घेऊन धावायचे, तेवढीच आमची नेमबाजी. आणि तरी पुढचे दहा-बारा दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. स्टेफी पीत असायची आणि तिच्या डोक्यावरून, एका हातात मोबाइल धरून, आवाज बंद करून मी व्हिडिओ बघायचे. कोणकोणत्या देशांतली माणसं, गॅरेजमध्ये उभी राहून, नवशिक्याने काय घ्यावं ते तळमळून सांगायची. महाग घेऊ नका. जड घेऊ नका. शिकारीचं घेऊ नका, नेमाचं घ्या. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माप: दोरी किती मागे येणार ते अंतर, त्याला ड्रॉ लेंथ म्हणतात, ते तुमच्या शरीराचं हवं. साध्या धनुष्याची दोरी जेवढी ओढाल तेवढी येते. कंपाउंडची एका ठिकाणी थांबते, भिंत लागावी तशी, आणि ती भिंत तुमच्या गालापाशीच लागायला हवी, ना पुढे ना मागे. अर्धा इंच चुकला तर हात लटपटतो, एक इंच चुकला तर दोरी हातावर फटका मारते. मला हे फार आवडलं. जगात एक वस्तू अशी होती की तिला विकत घेण्याआधी माझ्याबद्दल काहीतरी खरं माहीत असावं लागत होतं.

मंगळवारी स्टेफीला बाबागाडीत घालून मी क्लबच्या मैदानावर गेले. मैदान म्हणजे शेवटच्या टॉवरच्या मागची जागा, जिथून पुढे मिठागरांचे जुने बांध आणि खाडी लागते. एका कडेला पत्र्याची शेड, समोर लक्ष्यांची ओळ, आणि त्यांच्या मागे जमिनीपासून डोक्याच्या वर जाणारी काळी जाळी. उमंगने टेबलावर दोन धनुष्यं ठेवली. माझ्या आवाक्यातली दोनच होती आणि दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी. एक नवं, काळं, खोक्यातलं, त्याच्याबरोबर नेम धरायची साइट, बाण ठेवायचं खोकं, सगळं आलेलं. त्याची गंमत अशी की किल्ली फिरवून ते एकोणीस इंचांपासून तिसापर्यंत कोणालाही बसवता येतं, भारही पंधरा पाउंडांपासून सत्तरपर्यंत. दुसरं जुनं. हिरवं, शेवाळासारखं हिरवं, एका कडेला रंग उडालेला, मुठीजवळ उखडलेल्या स्टिकरचा चिकट डाग. ते वसुंधरा नावाच्या मुलीचं होतं, पंधरा वर्षांची, शेडमध्ये बाणांची पिसं चिकटवत बसली होती. वर्षात चार इंच वाढली आणि हिरवं तिला लहान झालं. "आंटी... सॉरी, ताई," ती म्हणाली, "याचा आवाजच नाही येत. बघा तर उचलून." मी उचललं. हिरवं हातात आलं आणि मुठीने माझा तळहात ओळखला. असं म्हणणं मूर्खपणाचं आहे हे मला कळतं. पण नवं धनुष्य हातात घेतल्यावर मला आपण दुकानात आहोत असं वाटलं होतं, आणि हे घेतल्यावर वाटलं नाही. "याचा एकच प्रॉब्लेम," उमंग म्हणाला, "याची चाकं एकाच मापाची आहेत. साडेचोवीस. त्यात कमी-जास्त होत नाही. तेव्हा आधी तुमचं माप पाठवा. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायचे, या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत इंच मोजायचे आणि अडीचने भागायचं. साडेचोवीस आलं तर हिरवं तुमचं. नाही आलं तर हे काळं, ते काय कोणालाही होतं."

मोजायला घरात माझ्या सासूपेक्षा मोठा अधिकारी कोण? मम्मी, म्हणजे उर्सुला, भुईगावात पस्तीस वर्षं पहिल्या कम्युनियनचे झगे शिवते. सोमवारी सकाळी ती माझ्याकडे येते आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जाते, स्टेफीला सांभाळायला, आणि येताना पिशवीत दोन-तीन झगे असतात, पांढरे, साटीनचे, त्यांना हाताने लेस लावायची असते. बुधवारी दुपारी मी तिच्यासमोर जाऊन भिंतीला पाठ लावली आणि हात पसरले. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तोंडात टाचण्या होत्या. त्या एक एक करून काढून उशीत खोचल्या. "आमच्या वेळेला बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यायचे," ती म्हणाली. "आता धनुष्य देतात. काय मारून आणणार, बोंबील?" मी म्हटलं, "मम्मी, फक्त माप घ्या ना." "घेते गं बाय, हात सरळ. खांदा पाड. श्वास घेऊन उभी राहू नकोस, श्वास सोड." तिची बोटं माझ्या मनगटावरून, दंडावरून, पाठीमागून पलीकडे गेली, टेपचं पितळी टोक बोटाच्या टोकाला टेकलं, गार. किती दिवसांनी कोणीतरी मला हात लावत होतं आणि त्या हाताला माझ्याकडून काहीच नको होतं. डॉक्टरचा हात शोधायचा, स्टेफीचा हात ओढायचा, जेन्सनचा हात विचारायचा. हा हात नुसता मोजत होता. मला रडू येईल असं वाटलं आणि मी समोरच्या खिडकीतून दिसणारा पाण्याचा टँकर मोजला, एकच होता. "चौसष्ट," मम्मी म्हणाली आणि पुन्हा लेस घेऊन बसली.

चौसष्ट भागिले अडीच, पंचवीस पूर्णांक सहा. मी उमंगला फोन केला. "मग हिरवं नाही होणार, वहिनी," तो म्हणाला, "एक इंचाने कमी पडतं. ते काळंच घ्या, रविवारी येऊन ट्राय करा, मी साडेपंचवीसला बसवून ठेवतो." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि पाच-दहा मिनिटं बेसिनचा नळ चालू ठेवून उभी राहिले. संध्याकाळी जेन्सनला सांगितलं तर तो उलट खूश झाला. "बरंच झालं की! ते जुनं घेऊन काय करणार होतीस? हे भारी आहे, एक घेतलं की सगळ्यांना. तू मार, मी मारीन, वर्षा-दोन वर्षांत कंटाळलीस तरी पडून नाही राहणार, स्टेफी मोठी झाली की तिला होईल." मम्मीही म्हणाली, "वस्तू कशी, घरभर पुरली पाहिजे." दोघं काही चुकीचं बोलत नव्हते. मी स्वतः याच घरातली आहे, म्हणजे अशाच घरातली. पापडीला माझा कम्युनियनचा झगा आईने असा शिवून घेतला होता की त्यात मी आणि आणखी अर्धी मी मावले असते. खाली चार बोटं दुमड, कंबरेला दोन शिवणी आत. फादरांनी जिभेवर ख्रिस्तप्रसाद ठेवला तेव्हा मी देवाचा नाही, बाहीचा विचार करत होते, की ती हातावरून घसरून बोटं झाकतेय. पुढे तो झगा उसवून उसवून तीन वर्षं सणांना घातला, मग मामेबहिणीला गेला, आणि जुन्या दुमडीची रेघ, जरा जास्त पांढरी, तिच्याही गुडघ्यापाशी मी बघितलेली आहे. शाळेचा गणवेश तसाच, चपला तशाच, पुढे कापूस घालून. वाढत्या अंगाचं घ्यावं. नेमकं आजच्या मला बसेल असं मी आयुष्यात काय घातलं, हे मी आठवून बघितलं. लग्नातला गाऊन भाड्याचा होता, त्याला मागून टाचण्या होत्या.

आता खरी गोष्ट सांगते. हे धनुष्याचं एवढं काय घेऊन बसलीय, असं कोणालाही वाटेल, मलाही वाटायचं. माझं काम औषधांच्या वेष्टनांवरचा मजकूर तपासण्याचं. कंपनी फायली पाठवते, मी घरी बसून अक्षर अक्षर तपासते. मिलीग्रॅमच्या आधीचं टिंब जागेवर आहे ना, दिवसातून दोनदा की तीनदा. सहा वर्षांत माझी एक चूक निघालेली नाही. आणि स्टेफी चाळीस दिवसांची असताना मी तिला थेंब पाजले, अर्धा मिली द्यायचे तर एक मिली, ड्रॉपरवरची रेघ मी उलटीकडून वाचली. व्हिटॅमिनचे थेंब. डॉक्टर फोनवर हसले, "काही होत नाही हो, उद्या द्या नेहमीसारखे." काही झालंही नाही. पण त्या दिवसापासून माझ्यात कोणीतरी एक बाई येऊन राहिली, जी सगळं तीनदा बघते. आंघोळीचं पाणी तीनदा, पाळण्याची कडी तीनदा, गॅस तीनदा. रस्त्याने जाताना बाबागाडीच्या दांड्यावरची बोटं तीनदा. मी काहीही केलं की पोटात एक मूठ वळते आणि वाट बघत राहते, आता कोणाला काय होईल. ती मूठ उमंगने दिलेलं धनुष्य ओढताना नव्हती. एवढीच गोष्ट आहे. दोरी मागे आली, वजन गेलं, आणि त्या आठ-दहा सेकंदांत ती बाई घरी नव्हती. म्हणून मला ते हवं होतं, आणि माझं असलेलं हवं होतं. कारण घरभर पुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ती बाई हक्काने बसतेच.

रविवारी मिस्सा संपल्यावर मम्मी भुईगावाहून परस्पर मैदानावर आली, रिक्षा बदलत, चर्चच्याच साडीत. "बघू तर काय मारते ती," म्हणाली आणि शेडमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत स्टेफीला मांडीवर घेऊन बसली. भरती होती, खाडीवरून चिखलाचा ओला वास येत होता, मिठागराच्या बांधावर बगळे ओळीत उभे होते, शाळेच्या प्रार्थनेला उभे असावेत तसे. रात्री मला स्वप्नातसुद्धा दुसरं काही आलं नव्हतं, आणि सकाळी उठल्यापासून मी लग्नाला निघाल्यासारखी निघाले होते. केस घट्ट बांधले, साधा टी-शर्ट, कानातलं काढून ठेवलं, दोरीत अडकतं म्हणून. उमंगने काळं धनुष्य दिलं, बाण लावला, छातीवर चामड्याचा पट्टा, डाव्या हातावर गार्ड आणि उजव्या मनगटाला दोरी सोडायचा खटका बांधला, दहा मीटरवरचं लक्ष्य दाखवलं. मी ओढलं. भार आला, सरकला, आणि गेला खरा, पण त्या जागी मला काही सापडेना. दोरी गालापाशी थांबायची ती कानाच्या मागे जाऊन थांबली. डावं कोपर ताठ होऊन आत वळलं, मान आपोआप मागे झुकली, दोरीतल्या छोट्या कडीतून लक्ष्य दिसायला हवं तर तिथे टॉवरचा एक तुकडा दिसत होता. "रिलॅक्स, वहिनी, खांदे पाडा." पाडले. सुटला बाण आणि दोरीने डाव्या हातावर आतल्या बाजूने असा फटका दिला की डोळ्यांत पाणीच आलं. गार्डच्या वरच्या अंगाला लाल पट्टा उठला. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा मी दोरी अर्ध्यातूनच परत पुढे आणली.

जेन्सन म्हणाला, "सवय होईल." आणि मला वाटलं, नाही, हे माझंच आहे. बाळंतपणानंतर काहीच बसत नाही. जुनी अंगठी बसत नाही, जीन्स बसत नाही, हसणं पण चेहऱ्यावर जरा उशिरा बसतं; आता माप घेऊन बसवलेलं धनुष्यसुद्धा बसेना. त्या शनिवारचं ते काही खरं नव्हतं, ऊन कोवळं होतं आणि झोप झालेली नव्हती, एवढंच. मी पट्टा सोडायला मागे हात नेला. उमंग मात्र माझ्या कोपराकडे बघत उभा होता, डोकं खाजवत. "वहिनी, माप कोणी घेतलं?"

"मी," खुर्चीतून मम्मी म्हणाली. "का? पस्तीस वर्षं घेतेय."

"काकी, बोटापासून बोटापर्यंत घेतलं ना? किती आलं होतं टेपवर?"

"एकसष्ट."

मी पट्ट्यावरचा हात काढला. मग मी म्हटलं, "मम्मी, तुम्ही मला चौसष्ट सांगितलंत."

"मग? एक इंच शिवणीचा, दोन वाढीचे." तिने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं, जणू आम्ही शाळेत काही शिकलोच नाही. "नुसतं अंगाचं माप कोणी सांगतं का?"

जेन्सन वाकून हसायला लागला. वसुंधरा शेडच्या खांबाआड तोंड लपवून हसत होती. उमंग बिचारा हसू दाबत म्हणाला, "पण काकी, यांचे हात आता वाढणार आहेत का?"

"कोण जाणे," मम्मी म्हणाली. ती हसत नव्हती. स्टेफीच्या टोपीची नाडी बांधता बांधता म्हणाली, "एकतीस वर्षांची पोर आहे. वाढेल अजून."

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी, जी टिंबसुद्धा तीनदा तपासते, मी ते माप एकदाही तपासलं नव्हतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे या बाईने मला सून म्हणून, स्टेफीची आई म्हणून, दूध देणारी म्हणून मोजलं नव्हतं, जिचे झगे उसवून मोठे करायचे आहेत अशी एक मुलगी म्हणून मोजलं होतं. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण त्याहून जास्त, खरं सांगते, मला हिरव्याकडे जावंसं वाटलं. एकसष्ट भागिले अडीच. मोबाइल काढायची गरजच नव्हती.

"अगं मग सोपंय," जेन्सन डोळे पुसत म्हणाला, "याचंच माप कमी करून घे. किल्ली फिरवली की झालं. आणि पुन्हा सगळ्यांनाही होईल." तो पुन्हा चुकीचं काही बोलत नव्हता. मी उमंगकडे बघितलं. "खरं सांगू का?" तो म्हणाला. "शिकायला दोन्ही चालतील. काळ्याचं पुढे-मागे काहीही करता येतं. हिरवं जुनं आहे, पण चांगलं ठेवलंय पोरीने, दोरी मी बदलून देईन. फक्त ते तुमच्याशिवाय कोणालाच होणार नाही. जेन्सनभाऊंना तर इथे छातीपाशीच अडकेल."

"द्या," मी म्हटलं.

हिरवं हातात घेतलं, बाण लावला, ओढलं. भार चढला आणि उतरला आणि दोरी गालाला येऊन टेकली, अगदी ओठाच्या कोपऱ्यापाशी, कोणी बोट ठेवून गप्प म्हणावं तशी. डावं कोपर मऊ. कडीच्या आत लक्ष्य, लक्ष्याच्या आत पिवळा ठिपका, ठिपक्याच्या आसपास माझाच श्वास हलत होता. आणि तेवढ्यात मागे स्टेफी रडली. भुकेचं रडणं, ते मी हजार रडण्यांतून ओळखते, आणि माझ्या आधी माझी छाती ओळखते. दोन्हीकडे कळ येऊन पान्हा सुटला, टी-शर्ट आतून गरम झाला, चामड्याच्या पट्ट्याखाली ओलं पसरलं. मी वळले नाही. दोन श्वास तशीच उभी राहिले. दूध येत होतं आणि हात हलत नव्हता. मग दोरी सावकाश पुढे आणली, बाण काढून उमंगकडे दिला, शेडमध्ये जाऊन पाठमोरी बसले आणि स्टेफीला घेतलं.

ती पीत होती आणि बाहेर ते तिघं बोलत होते, काळ्याबरोबर काय काय फुकट मिळतं त्याबद्दल. स्टेफीने माझ्या गळ्यातल्या साखळीतला क्रूस मुठीत धरला होता. मी तिच्या कपाळाकडे बघत मनातल्या मनात वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं. जुळलेलं प्रत्येक वाक्य माफी मागत सुरू होत होतं. खरं म्हणजे काळंच बरं, पण. तुम्हाला राग येणार नसेल तर. स्टेफीला पुढे आपण दुसरं घेऊ, पण. स्टेफीचे डोळे मिटत आले. तिला आता बारा-पंधरा वर्षांनी काय हवं असेल मला ठाऊक नाही. तिला तिच्या मापाचं मिळावं एवढं मला करता येईल, पण ते माझ्या अंगावरून उतरवून नव्हे. मी तिला खांद्यावर घेतलं, ढेकर काढला, आणि बाहेर येऊन म्हटलं, "मला हिरवं हवंय. दुसऱ्या कोणाला होत नाही म्हणूनच हवंय."

मोठ्याने बोलले असेन, कारण बांधावरचा एक बगळा उडाला. जेन्सनचा चेहरा जरा पडला. वाईट वाटून नव्हे. त्याने मनात स्वतःला कधीच धनुष्य घेऊन उभं केलेलं होतं, आता त्याला तिथून खाली उतरावं लागत होतं. "म्हणजे मी हातपण नाही लावायचा?" "लाव ना," मी म्हटलं, "पण होणार नाही." त्याने घेऊन बघितलंच. ओढलं आणि दोरी त्याच्या छातीच्या मध्यावर येऊन गच्च थांबली, कोपरं पंखांसारखी बाहेर. "हे तर पिंजऱ्यात घातल्यासारखं वाटतंय गं," तो म्हणाला. त्यावर मम्मी उठली, स्टेफीला माझ्याकडून घेतलं आणि त्याला म्हणाली, "घरात कापडाची कात्री आहे माझी. पस्तीस वर्षांत तुझ्या बापाला एक कागद कापू दिलाय का मी तिने? ठेव ते खाली." जेन्सनने ठेवलं. उमंग पावतीचं पुस्तक शोधायला आत गेला.

मग मी रेघेवर उभी राहिले. ओलं मळभ आलं होतं, पट्टा ओला, हातावर लाल वळ ठणकत होता, टी-शर्टवर दोन गोल डाग, आणि सगळे बघत होते. मी ओढलं, गाल, ओठाचा कोपरा, कडी, पिवळा ठिपका. खटका दाबला. बाण गेला असा आवाजच आला नाही. वसुंधरा खोटं बोलली नव्हती. लक्ष्याचा कागद होता तसाच कोरा. बाण त्याच्या वरून, चांगला हातभर वरून गेला आणि मागच्या जाळीत जाऊन लटकला, डोकं खाली, पिसं वर.

"चुकला," जेन्सन म्हणाला.

मी वाट बघितली. मूठ वळायची वाट बघितली. जाळी जराशी हलून थांबली. बांधावरचे बगळे जागेवर होते, मम्मीच्या खांद्यावर स्टेफी तोंड उघडं टाकून झोपली होती, दूर कुठेतरी टँकर मागे घेतानाची शिट्टी वाजत होती. कोणाला काही झालं नव्हतं. मी इतकी स्वच्छ, इतकी मोठी, सगळ्यांच्या देखत चूक केली होती आणि जगात एक बाण जाळीत लटकण्यापलीकडे काहीही झालं नव्हतं. हसू पोटातून वर आलं.

"अजून एक दे," मी उमंगला म्हटलं. वहिनी म्हणणाऱ्याला मी कधी एकेरी बोलत नाही, पण बोलले.

तोही चुकला. पण हा खालून गेला.